दोरीवरचा हात

दुपारी वारा पडला आणि पाण्याची ओढ आमच्या शिडाच्या होडीला भूशिराच्या खडकांकडे नेऊ लागली. होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलकाकांनी नांगर टाकला, भरपूर दोरी सोडली आणि तिच्यावर तळहात ठेवून ते बसून राहिले.

“काका, आता जरा पडा की,” मी म्हटलं.

“टाकला म्हणजे रुतला असं नाही, ताई. घसरायला लागला की दोरी थरथरते. हात ठेवावाच लागतो.”

डोळे मिटत होते त्यांचे, हात मात्र जागा होता. हे मला ओळखीचं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तीन वर्षं मी तिच्या पांघरुणावर हात ठेवून झोपत होते. येणारे-जाणारे म्हणत, ‘तूही जरा आराम कर हो,’ आणि चहा पिऊन निघून जात. ती गेली, पण तो शीण अजून अंगातून गेलेला नाही. आणि मीही काकांना आत्ता तेच म्हटलं होतं.

मी सरकून त्यांच्या शेजारी बसले. “द्या, थोडा वेळ मी धरते.”

त्यांनी माझा तळहात दोरीवर नीट दाबून ठेवला आणि बसल्या जागीच ते झोपले.

त्या तीन वर्षांत मला एवढं एकच वाक्य कुणाकडून तरी ऐकायचं होतं.