निळं पाणी निवळ होईना

मंडळी, हा कागद चावडीच्या भिंतीवर लावतोय. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवा.

उळवीच्या जत्रेत एकजण ताकदीच्या म्हणून निळ्या गोळ्या विकत होता. माझ्या दाजींना ना ताप, ना दुखणं, तरी त्यांनी पुडीभर घेतल्या. दुसऱ्या दिवशी लघवी निळी झाली आणि घरात आनंद झाला.

का, ते तुम्हाला ठाऊक आहे. कडू करांद्याचे रानकंद आपण चिरून ओढ्यात ठेवतो, पाणी निवळ आलं की विष गेलं म्हणतो आणि मग खातो. अक्का दाजींना म्हणाली, "आंगातलं इख भाईर पडतंय. निवळ हुईस्तोवर खावा."

निवळ कशी होणार? रंग गोळीचाच होता, आणि गोळी रोज पोटात जात होती.

आज सकाळी दाजींना धाप लागली, डोळे पिवळे पडले. डोलीतून दवाखान्यात नेलं. सोबत नेलेली गोळी बघून डॉक्टर चिडला. "हिवतापावर हीच गोळी आम्ही मोजून देतो, गुणही येतो. पण धडधाकट माणसानं ती ताकदीसाठी खायची? कुणाकुणाचं रक्त नासतं हिनं." दाजी वाचतील का, ते त्यानं सांगितलं नाही.

घरी येऊन उरलेली पुडी चुलीत टाकायला गेलो, तर दारात शेजारी उभे.

"जाळू नगासा. दाजीस्नी सोसलं न्हाई, आमाला सोसंल."

मी जाळली. जाताना ते मलाच अप्पलपोटा म्हणाले.

जत्रा पुढच्या वर्षीही भरेल. तोवर हा कागद भिंतीवर ठेवाल का?