मांजरेतला पाणघोडा

हाडं एकदा कपाटात मांडली की गप्प बसतात. किस्से मात्र बसत नाहीत! आमच्या कॉलेजच्या म्युझियममध्ये तर हाडांपेक्षा तेच जास्त साठले.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. पावसाचा पत्ता नाही, मांजरा नदी कोरडीठाक. आणि त्या कोरड्या पात्रातून हजारो वर्षांपूर्वीच्या जनावरांची हाडं वर यायला लागली होती. भूगर्भशास्त्राचे बिराजदार सर आनंदानं वेडे व्हायचेच बाकी! जोडीला प्राणिशास्त्राच्या कांबळे मॅडम, आणि पाट्या रंगवायला मी, ड्रॉइंग मास्तर. अडचण एकच. नव्या जिल्ह्यात प्रत्येक सरकारी ऑफिसला जागा हवी होती, आणि डोळा आमच्या म्युझियमच्या हॉलवर होता. प्रिन्सिपल म्हणाले, "लवकर प्रदर्शन उघडा, न्हाईतर हॉल गेला समजा!"

*

एक दिवस सर मासिक नाचवत ऑफिसात घुसले. "क्रांती झाली, क्रांती! आता चिमूटभर हाड पुरतं. कार्बनवरून वय कळतं!"

हेडक्लार्कनं शांतपणे ड्रॉवर उघडला. "किती कागद देऊ? निळे हायत. काळे संपले."

*

नदीत बाया पाण्यासाठी झरा उकरत होत्या, तिथंच हत्तीचा सुळा दिसला. सर त्याच्याभोवती खोल खोल खणत गेले आणि खड्ड्याला पाणी लागलं! बायांनी घागरी भरल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे सरपंच कॉलेजात हजर.

"सर, आमच्याकडं बी एक हत्ती मेलता. चला की!"

"कुठं मेला होता?"

"तुम्ही म्हणाल तिथं!"

*

सुळ्याचा भुगा व्हायला लागला. तो बांधून ठेवायला प्लास्टर मिळेना. शेवटी मॅडम तो रिक्षात घालून ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या.

कंपाउंडरनं विचारलं, "पेशंटचं वय?"

"काही हजार वर्षं."

त्यानं प्लास्टर कालवता कालवता मान हलवली. "लई उशीर केला मॅडम. ह्या वयात हाड जुळत न्हाई."

*

पाणघोड्याच्या जबड्याखाली मी पाटी लावत होतो. नातवाच्या ॲडमिशनला आलेले निलंग्याचे एक आजोबा आत डोकावले.

"पाणघोडा म्हंजे?"

"दिवसभर पाण्यात बसून राहणारं जनावर. इथंच, मांजरेत राहायचं."

आजोबांनी वितीनं जबडा मोजला. मग हळूच म्हणाले, "टँकर किती लागत आसतील हो!"

*

उद्घाटनाचे पाहुणे म्हणजे मंत्रीसाहेब. सकाळपासून दुष्काळी गावं फिरून, चारा छावण्या बघून थेट आमच्याकडं आले. दमलेले, धुळीनं माखलेले. हत्तीच्या कवटीसमोर थांबले, हात जोडले. डोळे खरंच भरून आले त्यांचे. मग माईक घेतला.

"ह्या मुक्या जिवाचे हाल बघवत न्हाईत! ज्याचा कुणाचा हा हत्ती आसंल, त्याला शासन वाऱ्यावर सोडणार न्हाई. पंचनामा होईस्तोवर ह्यातलं एक हाड हलवायचं न्हाई, आन् ह्या हॉलला कुणी हात लावायचा न्हाई!"

बिराजदार सर ताडकन उठले. "साहेब, हा हत्ती..."

कांबळे मॅडमनी मागून त्यांचा शर्ट धरून खाली ओढलं.

"सर, बसा. टाळ्या वाजवा!"