नैवेद्याआधीचं ताट

घाटंजीकडच्या एका गावात तुळसाबाई राहतात. वय चौऱ्याहत्तर, पण आवाज असा खणखणीत की पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत विनासायास पोचावा. महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्यांच्याकडे अख्खी आळी लोटते. सोळा भाज्या, आंबील, कथली, तुपात न्हालेली पुरणपोळी! बाई वाढतात भरभरून. स्वतः मात्र पोळीचा तुकडा जिभेवर ठेवत नाहीत. पन्नास वर्षं झाली.

यंदा जेवणाच्या आदल्या दिवशी नव्या नातसुनेनं, प्रियंकानं, हट्टच धरला. "आजी, काहून खात नाही तुमी? साखरेचा आजार तर नाही तुमाले."

बाई पाटावर बसल्या आणि आजवर कोणालाच न सांगितलेलं बोलून गेल्या.

तेव्हा त्या चोविशीच्या होत्या. नैवेद्य व्हायचा होता, घरात पाण्याशिवाय कोणी काही घेतलं नव्हतं. निंदणाला येणारी तांड्यावरची जमनी मागच्या दाराशी उभी राहिली. सातवा महिना, भुकेनं डोळे फिरलेले. तुळसाबाईंनी गुपचूप, देवीच्या आधी, तिला पुरणपोळीचं ताट दिलं. पुढं दोन महिन्यांत त्यांचा पाळण्यातला इंद्रजित तापानं गेला.

"उष्टा नैवेद्य दाखवला मी, पोरी. लेकरू माह्या पापानं गेलं."

प्रियंकानं विचारलं, "जमनीबाई हायेत अजून?"

"हाय तर."

"मंग चला. देवी तर बोलत नाही. जिनं खाल्लं, ती तर बोलते ना?" आणि तिनं स्कूटी काढली.

जमनी अंगणात मुगाच्या शेंगा सोलत होती. दात गेलेले, नजर मात्र चाकूसारखी. सगळं ऐकून ती आधी हसलीच. "एका पोळीपायी तान्हं लेकरू नेते? अशी देवी असन तर बाई, तांड्यावर नका येऊ देऊ तिले!" मग हळू आवाजात म्हणाली, "त्या साली तापानं आमचेही चार लेकरं गेले. त्यायच्या माया कोणाले ताट द्याले गेलत्या?"

तुळसाबाईंच्या डोळ्यांतून धार लागली. इंद्रजितसाठी त्या आज पहिल्यांदाच नुसतं आईसारखं रडल्या.

जमनीनं त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "पण बाई, माह्या मनात एक राह्यलंच. तुमी मले गोठ्यामागं शेणापाशी बसवलं. ताट हातात नाही देल्लं. भुईवर ठेवून सरकवलं. पोळी गोड होती, घास मात्र उतरत नव्हता."

हे तर तुळसाबाईंना आठवतही नव्हतं! नाटकात दुष्ट माणूस आला की संबळ कडाडतो, दिवे लाल होतात, पोरंसोरंही ओळखतात. खरं पाप असं वाजतगाजत येत नाही. ते पुण्याला खेटून बसतं, आपल्याच ओळखीच्या चेहऱ्यानं. ज्या घासासाठी बाईंनी जन्मभर स्वतःला शिक्षा केली, तो त्यांच्या हातून घडलेला सगळ्यात पवित्र घास होता. आणि ताट सरकवणं? ती तर तेव्हाची रीत. रीतीला कोण पाप म्हणतो!

"चुकलंच माह्यं, जमने." त्यांनी हात जोडले.

"हात कायले जोडता? पोटातला तो माहा देवीलाल आता येष्टीत डायवर हाय, उमरखेडची गाडी चालवते. दोन दिवसांची उपाशी होती मी. त्या पोळीवर तो तगला. दरसाली महालक्ष्म्या आल्या का मी तुमचंच नाव घेतो. सांगाले कधी आली नाही, हे माहं चुकलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "भाकर खाता काय? अंबाडीची भाजी हाय. आमच्या घरचं चालते ना?"

या अंगणात तुळसाबाईंनी कधी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. त्या जमनीच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. भाजी जाळ होती. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या आणखी मागत होत्या.

प्रियंका कुजबुजली, "आजी, घरी भाज्या निवडाच्या पडल्या हायेत."

"निवडतील वं घरचे," तुळसाबाई घास चावत म्हणाल्या. "मले जेवू दे."