सुनंदाताईंच्या पत्राची मागची बाजू

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगू? वाचून हसायचे. मी क्रिमिनॉलॉजीत एम.ए. करतेय. पुरावा नसेल तर गोष्ट घडलीच नाही, असं मानणारी मी. तरीही हे लिहितेय...

मी बदलापूरला, खरवईत राहते. आईचं एकच पालुपद — "हे शिकून पुढे काय? पोलिसात जाणार का?" तिला समजावून थकले की तुरुंगात समुपदेशक होता येतं, सायबरमध्ये जाता येतं, लॅब आहेत. मला मात्र हस्ताक्षर तपासणीत शिरायचं होतं. म्हणून उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका खाजगी तज्ज्ञांकडे इंटर्नशिप धरली. सर सिंधी, तीस वर्षं याच कामात.

एका सोमवारी अंबरनाथच्या एका कारखान्याचे मॅनेजर आले. त्यांना निनावी धमकीचं पत्र आलं होतं. संशय पॅकिंगमधल्या सुनंदाताईंवर, कारण बढतीवरून त्यांचं मॅनेजरशी वाजलं होतं. अक्षराचा नमुना द्यायला ताईंनाही सोबत आणलं होतं. मी समोर बसून मजकूर सांगत होते, त्या लिहीत होत्या.

"अजून किती वेळा लिहू गं, बाळा?"

"दोनदाच, ताई."

"मी नाही लिहिलेलं ते. पण हे अक्षर बघून आता मलाच माझी शंका यायला लागलीय."

अक्षर खरंच जुळत होतं. मंगळवारी दुपारी सर म्हणाले, "रिपोर्ट टाईप कर. मॅच है. पाच वाजता मॅनेजर न्यायला येतील, मग पोलीस कंप्लेंट."

फॉरमॅट बघायला मी माझी वही उघडली. शुक्रवारच्या नोट्स होत्या, 'सही कशी तपासावी' यावर. आणि त्यांच्या मधोमध एक ओळ —

'सुनंदाताईंच्या पत्राची मागची बाजू तिरक्या उजेडात बघ.'

अक्षर माझं. पेन माझं. वरचा मुद्दा शुक्रवारचा, खालचाही शुक्रवारचाच, मध्ये कोंबून लिहायला जागाच नाही. आणि शुक्रवारी मला सुनंदाताई नावाची बाई माहीतही नव्हती!

मी वही झटकन मिटली. सरांना काय सांगणार? नुसतं म्हटलं, "सर, एकदा पत्राची मागची बाजू बघू या का?"

"अरे, क्या देखना है उसमें? कोरं आहे."

"पाच मिनिटं, सर. प्लीज."

खिडकीचा पडदा ओढला, कागद उलटा ठेवला आणि टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरला. कोऱ्या बाजूवर बारीक उंचवटे दिसायला लागले. पॅडवर या कागदाच्या वरच्या पानावर आधी दुसरं काहीतरी लिहिलं होतं, त्याचा दाब खाली उमटला होता. अक्षरं उलटी होती, म्हणून सरांनी आरसा आणि भिंग घेतलं. एकेक शब्द लावत ते वाचत गेले. तो रजेचा अर्ज होता. खाली नाव होतं — पॅकिंगच्या सुपरवायझरचं. ताईंच्या जागी आपला माणूस बसवायचा होता त्याला. ताईंनी भरलेली जुनी रजिस्टरं समोर ठेवून त्याने अक्षर गिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने कबूल केलं.

ताईंचा फोन आला तेव्हा त्या आधी रडल्या, मग म्हणाल्या, "आज जेवण गेलं गं पोटात." मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसून राहिले. हसू येत होतं, डोळ्यांतून पाणीही. पाच वाजता तो रिपोर्ट माझ्याच हातून गेला असता...

आठवड्याभराने मी सरांना ती वही दाखवली. त्यांनी ती ओळ तासभर भिंगाखाली धरली. दाब बघितला, शाई बघितली, वेलांट्या बघितल्या.

"तूच लिहिलंयस. ओघातच लिहिलंय, मागून घातलेलं नाही."

"पण कसं, सर?"

सरांनी चष्मा काढला. "बेटा, कोणी लिहिलं ते मी सांगू शकतो. बाकी मुझे नहीं पता."

मलाही नाही. पण आता भीती वाटत नाही. ताई कामावर आहेत, एवढं मला पुरतं.