फक्त घरी हँग होणारा लॅपटॉप

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे लॅपटॉप बिघडला की विचारायचं कुणाला, याचं उत्तर घरात नव्हतं. वडिलांनी ओळखीतून आणलेला तो जुना लॅपटॉप. तिसऱ्या वर्षाचा माझा भूगोलाचा प्रकल्प त्याच्यावरच चालला होता. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. लोक ते साठवतात कसं, हे मी गल्लीगल्लीत विचारत फिरले होते. सोमवारी अहवाल द्यायचा होता. तो राहिला तर गुण जाणार होते, कदाचित वर्षही.

लॅपटॉप सुरू केल्यावर थोडा वेळ नीट चालायचा. मग अक्षरं उशिरा उमटायला लागायची, आणि शेवटी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबायचा. बटण दाबून बंद करायचा, परत सुरू करायचा. सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं असायचं. मोबाईलवर वाचून मला जमलं ते मी केलं. जुने फोटो काढून टाकले, आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद केले, व्हायरस तपासला. फरक पडला नाही.

शनिवारी सकाळी दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉप काउंटरच्या काचेवर ठेवून चालू केला. बराच वेळ झाला तरी तो अडकला नाही.

"ताई, चांगला चालतोय की. तुमच्यावरच रुसलाय बहुतेक."

"घरी हँग होतो हो."

"मग घरच्यांनाच विचारा काय केलंय त्याला."

तो हसला, मीही हसले. पण रिक्षात बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कॉलेजच्या लायब्ररीतही तो कधी अडकला नव्हता. लॅपटॉप तोच, फाइल तीच. बदलत होती ती फक्त जागा.

आमच्याकडे वही-पुस्तक उघड्या फरशीवर ठेवत नाहीत. चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा. लॅपटॉप आल्यापासून आईने तोच मान त्यालाही दिला होता. वडील कामाला होते त्या चादरींच्या कारखान्यातली नवी चादर ती जाड घडी घालून त्याच्याखाली अंथरायची आणि मगच मला बसू द्यायची. त्या दिवशीही तिने अंथरली. मी काम सुरू केलं, तो अडकेपर्यंत वाट पाहिली आणि खाली हात घातला. तवा उतरवल्यासारखी धग. खालची जाळी चादरीत रुतली होती आणि तिच्यावर सुताचे बारीक तंतू बसले होते. आतला पंखा तिथूनच हवा ओढतो, एवढं मी वाचलं होतं. त्याला हवाच मिळत नव्हती.

कारण सापडलं, पण आईला सांगायला जीभ रेटेना. नुसतंच म्हणाले, "आई, चादर जरा काढते."

"का गं? फरशीवर टेकवू नको. विद्या हाय ती."

मग सांगावंच लागलं. ती जाळीकडे बघत राहिली.

"म्हंजे रोज मी ह्याचं नाक दाबत होते व्हय?"

"तसं नाही गं."

"तसंच की. आन् तू दुकानं हिंडतीस. आदी मला इचारायला तोंड न्हवतं का तुला?"

ती आत गेली आणि पाहुण्यांना जेवायला मांडतो तो पाट घेऊन आली. पदराने पुसून माझ्यापुढे ठेवला. "ह्याच्यावर चालंल का त्याला?"

मी जुन्या टूथब्रशने जाळी साफ केली आणि लॅपटॉप पाटावर ठेवला. खालच्या रबरी पायांमुळे हवेला फट राहिली. संध्याकाळपर्यंत तो अडकला नाही. तरी सवयीने मी दर परिच्छेदाला सेव्ह करतच होते.

रविवारी दुपारी अहवाल पूर्ण झाला. पेनड्राइव्हवर घेतला तेव्हा आई शेजारी शेंगा सोलत बसली होती.

"झालं?"

"झालं."

"वाच की मग थोडं."

आमच्या गल्लीचं पान मी वाचून दाखवलं. कुठे बॅरल, कुठे टाकी, पाणी आलं की कोण आधी उठतं आणि कोण कुणाला हाक मारतं. ती शेंगा सोलता सोलता ऐकत होती. वाचून संपल्यावर म्हणाली, "हे तर आमचं रोजचंच हाय. ह्याचे मार्क मिळत्यात?"

"मिळतील बहुतेक," मी म्हणाले.