कौतिकअक्काचा कुटाचा डबा

कौतिकअक्का गेल्याचा निरोप कचेरीत आला. चैत्रातली दुपार होती, पंख्याखाली कागद फडफडत होते, आणि फोनवर गावाकडचा चुलतभाऊ सांगत होता, "बापू, अक्का गेली." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि त्या जुनाट फायलींच्या वासात मला एकदम भाजलेल्या तिळाचा वास आला... इतका जवळून, की मी मागे वळून पाहिलं.

ती माझी थोरली बहीण. भावजी गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून मी तिला धुळ्याजवळच्या आमच्या गावाहून जळगावला आणलं. आली खरी, पण कितीतरी दिवस ती पाहुण्यासारखीच राहिली. पाटाच्या कडेवर बसायची, दुसरा चहा हवा असला तरी मागायची नाही. तिला त्या घराची केलं ते माझ्या मुलीनं, वंदूनं. तेही एका दुखण्याच्या निमित्तानं.

वंदू पाच वर्षांची असताना शेंगदाण्याच्या चटणीचा एक घास खाऊन तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. डॉक्टरांनी सांगितलं, शेंगदाणा घरातसुद्धा नको. दूध तिला आधीपासूनच पचत नव्हतं, त्यामुळे लोणी, तूप, दही हेही बंद. आता खानदेशातल्या घरात शेंगदाणा बंद म्हणजे काय उरलं? भाजीत दाणे, चटणीत दाणे, ठेच्यात दाणे, उपासाला तर दाणेच दाणे. वंदू शाळेत जायला लागली आणि डब्यात द्यायचं काय, या प्रश्नानं माझी बायको सुमन रडकुंडीला आली. अक्का मात्र म्हणाली, "दुनिया काय दानासवरच चालस का रे बापू?"

मग तिचे प्रयोग सुरू झाले. आधी केळं कुस्करून पोळीला लावलं. मधल्या सुटीपर्यंत ते काळं पडलं आणि वंदू डबा तसाच घेऊन आली. मग जवस वाटून पाहिलं, ते चिकट झालं. शेवटी तीळ. तीळ मंद भाजायचे, त्यांचं कूट करून डब्यात ठेवायचं, आणि रोज सकाळी लागेल तेवढं कूट, मूठभर डाळ्या, गूळ, मिठाची कणी असं सगळं पाट्यावर घेऊन वाटत राहायचं. आधी भुगा व्हायचा, मग गोळा, आणि मग केव्हातरी तो गोळा चमकायला लागायचा, सैल व्हायचा. सुमन घाई करायला लागली की अक्का म्हणायची, "तीळ तेल सोडस तवलोंग थांबनं नही." वरवंट्याचा तो घर्र घर्र आवाज, खिडकीतून पाट्यावर पडलेली उन्हाची पट्टी, आणि तिच्या बांगडी नसलेल्या मनगटाचं पुढं जाणं, मागं येणं... मी दाढी करता करता आरशात ते बघायचो. कधी कधी वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्या सकाळी मिळून ती एकच सकाळ होती.

वंदूनं त्याला नाव दिलं, तिळलोणी. शेजारच्या मालतीवहिनी चिडवायच्या, "अक्का, लोणी काढलं, मग ताक कुठंय?" अक्का म्हणायची, "गायले बी माहीत नही असं लोणी शे हाई!" हळूहळू वंदूच्या वर्गातल्या पोरी तिच्या डब्याभोवती गोळा व्हायला लागल्या. चारपाच घरांतून तीळ येऊ लागले, आमच्याही मुलीला द्या म्हणून. वर्गाच्या बाई स्वतः येऊन पाहून गेल्या. अक्का आता पाटाच्या मधोमध बसायला लागली. दुपारी वंदू तिला पाटीवर अक्षरं शिकवायची. अक्काचा 'त' कायम पाठीवर पडलेला असायचा आणि दोघी हसत सुटायच्या.

कुटाच्या डब्यावर सुमननं वहीचा कागद चिकटवून लिहिलं होतं, 'कूट'. आमच्या घरात त्याचा अर्थ एकच होता. पण घराबाहेर, साऱ्या मराठी मुलखात, नुसतं कूट म्हटलं की ते शेंगदाण्याचं. आता जे सांगायचं आहे ते या एका शब्दाचं आहे... आणि ते मी अक्का जाईपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

चोपड्याला एक लग्न होतं. तिघी गेल्या, मी रजा नसल्यानं घरी एकटा. एकादशी आली. खरं सांगतो, मला दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी खाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी तिच्यासाठी आसुसलो होतो. दुकानातून तयार कूट आणलं, खिचडी केली, पोटभर खाल्ली. कूट उरलं. समोर फळीवर रिकामा डबा, त्यावर लिहिलेलं 'कूट'. मी ते त्यात ओतलं आणि झाकण लावलं. मनात काही वाकडं नव्हतं. तो शब्द मी जन्मभराच्या सवयीनं वाचला, एवढंच. दुसऱ्या दिवशी टाकून देऊ म्हणालो आणि विसरलो.

त्या परत आल्या तेव्हा अक्काला पडसं झालं होतं, वास येत नव्हता. अक्काला वाटलं, डबा सुमननं भरला. सुमनला वाटलं, अक्कानं. भाजलेल्या तिळाचं आणि भाजलेल्या दाण्याचं कूट, सकाळच्या घाईत रंगात एकोणीस-वीसचा फरक. मधल्या सुटीत वंदू वर्गात कोसळली. बाईंनी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं, इंजेक्शन वेळेवर मिळालं, म्हणून ती आज आहे.

मला कळलं तसा मी आधी दवाखान्यात गेलो. ती श्वास घेतेय हे पाहिलं. मग "कपडे घेऊन येतो" म्हणून घरी आलो. सरळ स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडला, कूट मोरीत ओतलं. राखेनं डबा आतून घासला, तीनदा घासला, आणि उन्हात पालथा घातला.

संध्याकाळी सुमननं विचारलं, "अक्का, दाणे आले कुठून?" मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता... अक्का माझ्याकडे बघत नव्हती, उंबऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "मनाच हात चुकना. लगनघरनं काहीतरी पिशवीमा व्हतं, ते मिसळाई गयं." मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवसापासून घरोघरचे तीळ यायचे थांबले. सुमन वाईट बोलली नाही, पण वंदूचा डबा स्वतः भरू लागली. अक्का पुन्हा पाटाच्या कडेवर गेली आणि महिन्याभरात गावी. मी बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. तिथंही बोललो नाही.

त्यानंतर दर सुटीत आम्ही गावी जायचो, पण वंदू आपला डबा बरोबर न्यायची. अक्का तिच्याजवळ बसून विचारायची, "डबामा काय आणेल शे वं?" वंदू दाखवायची, अक्का कौतुकानं बघायची. इतकंच. अकरा वर्षं माझ्या मुलीनं अक्काच्या हातचा घास खाल्ला नाही, आणि त्या अकरा वर्षांत मी शेजारी बसून जेवत होतो.

शेवटची भेट धुळ्याच्या दवाखान्यात झाली. ती अर्धवट झोपेत होती. मी पाय चेपत होतो. डोळे न उघडताच म्हणाली, "डबा चांगला घासेल व्हता रे बापू तू." माझे हात थांबले. आयुष्यात कधी एक पेला न विसळलेला तिचा हा भाऊ, आणि उन्हात पालथा घातलेला तो लखलखीत डबा... तिला त्याच दिवशी कळलं होतं. ती मंद हसली आणि पुन्हा झोपली.

तेराव्यानंतर तिचं घर आवरताना फळीवर तो डबा सापडला. जाताना तिनं तो बरोबर नेला होता, हेही मला माहीत नव्हतं. सुमनच्या अक्षरातला 'कूट'चा कागद पिवळा पडला होता. त्याच्या आधी, जागा नसताना, शाईच्या पेन्सिलीनं एक शब्द कोंबलेला होता: 'तिळाचं'. त्यातला 'त' पाठीवर पडलेला.

घरी येऊन मी सुमनला आणि वंदूला समोर बसवून सगळं सांगितलं. सुमन उठून आत गेली; अजून ती माझ्याशी फारशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. वंदू आता कॉलेजात आहे. ती बराच वेळ डब्यावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "बाबा, मी तिच्याकडे पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं प्यायचे. तिच्यासमोर. तुम्ही बघत होता ना?"

"हो," मी म्हणालो.

गेल्या रविवारी तिनं तीळ आणले आणि पाटा माझ्यापुढं सरकवला. मी वाटायला बसलो. हात दुखून आले, भुग्याचा गोळा होईना. ती समोर बसून होती, म्हणाली, "थांबू नका." केव्हातरी गोळा चमकला. तिनं बोटानं चाटलं, डोळे मिटले, आणि तशीच बसून राहिली...

डबा आता आमच्या फळीवर आहे. तळाशी अक्काच्या हातचं चिमूटभर कूट अजून चिकटलेलं आहे. तो मी घासलेला नाही.