यमनचं सासरचं नाव

गुरुजींच्या क्लासचे किस्से सांगायला बसलं की एकाला दुसरा चिकटून येतो, लेकीच्या हाताला मुरमुरे चिकटतात तसा. त्यातून तिथली दुभाषी मी. म्हणजे अर्धे किस्से माझ्याच चुकांचे.

बाळंतपणाला अमरावतीहून अकोल्याला माहेरी आले, लेक झाली, आणि मागच्या गल्लीतून गुरुजींचा निरोप आला. लहानपणी मी त्यांच्याकडेच गाणं शिकले. आता त्यांना ऑनलाइन शिष्य मिळाले होते, चेन्नईची विद्या आणि लंडनचा टॉम. गुरुजींना इंग्रजी येत नाही. मी फक्त सांगायचं होतं, गायचं नव्हतं, म्हणून हो म्हटलं. लेक झाल्यापासून माझा आवाज वर चढतच नव्हता. घरी कुणाला बोलले नव्हते. अंगाईसुद्धा मोबाइलवर लावायचे.

*

पहिल्याच दिवशी राग यमन. विद्या म्हणाली, हा तर आमच्या कर्नाटक संगीतातला कल्याणी. टॉम म्हणाला, आमच्याकडे या सुरांना लिडियन म्हणतात. मी घाबरून तिन्ही नावं गुरुजींना सांगितली.

"माहेरचं नाव येगळं, सासरचं येगळं. पोरगी तर तेच ना?"

माझं सासरचं नाव श्रावणी. गुरुजी अजून संध्याच म्हणतात. हे वाक्य मी इंग्रजीत कसं सांगितलं ते विचारू नका. यमनचं लग्न झालंय, असं टॉमने लिहून घेतलं.

*

मग मी अभ्यास करून तक्ता बनवला. सा म्हणजे इंग्रजी सूर सी, रे म्हणजे डी. गुरुजींना कौतुकाने दाखवला.

"आन् ज्याचा गळा सीवर बसत नाही, त्यानं काय मुकं राहाचं?"

तक्त्यावर लेकीने पेज सांडली. बरंच झालं.

*

एकदा गुरुजी पेटीवर बोट ठेवून म्हणाले, सा काळी चारचा. मी टॉमला शब्दाला शब्द सांगितलं, चौथी काळी पट्टी; सप्तकातली चौथी, हे सांगायचं राहिलं. त्याने पियानोच्या अगदी डाव्या टोकापासून मोजून वाजवली!

गुरुजींनी कान टवकारले. "म्हैस कोणाची रेकून राहिली?"

*

एका संध्याकाळी विद्याचा घसा बसला होता, आणि टॉमला यमन बाईच्या गळ्यातून ऐकायचा होता. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पेटीवर काळी चार धरली. माझी लहानपणापासूनची पट्टी.

खालचा सा लागला. वरच्या साकडे जाताना आवाज फाटला. मी मांडीवरच्या लेकीचं झबलं सारखं करत बसले. वाटलं, सांगून टाकावं, गुरुजी, गेला माझा आवाज.

 गुरुजींचं बोट एक काळी खाली सरकलं. मी परत सुरू केलं. वरचा सा आला, टिकला. लेक झोपली.

टॉमने विचारलं, ही कोणती पट्टी? मी गुरुजींना विचारलं.

"त्याले सांग," भाता न थांबवता ते म्हणाले, "संध्याची हाये."